आम्ही बसलोय

१

अण्णांनी ‘मी’ म्हणायचं नेमकं कधी सोडलं, ते त्यांच्या मोठ्या लेकीला, थोरलीला, सांगता आलं नसतं. घरातल्या इतक्या गोष्टी त्या दिवसांत सुटत चालल्या होत्या, की एका सर्वनामाकडे कोण बघतो. कामाला येणाऱ्या मावशींची वेळ सुटली होती, थोरलीची झोप सुटली होती, आणि तोंडावरचा ताबा तर कधीच सुटला होता.

रोजचा रगाडा ठरलेला. अण्णांना उठवायचं, तोंड धुवायला न्यायचं, पायजमा बदलायचा, रक्तदाबाची गोळी द्यायची आणि ती गिळली की गालात ठेवली हे बघायला त्यांना ‘आ’ करायला लावायचं. मग मावशी येणार. यायच्या असतील तर. अण्णांच्या अंघोळीसाठी ठेवलेल्या मावशींची अर्धी सकाळ आज उशीर का झाला हे सांगण्यात जायची. थोरली शाळेत भाषा शिकवून निवृत्त झालेली. निवृत्तीनंतर काय काय वाचायचं याचे तिनं मोठे बेत केले होते, आणि आता ती औषधांच्या डब्यात घडी करून ठेवलेले कागद वाचत होती.

त्या सकाळी तिनं विचारलं, "अण्णा, दूध घेतलंत का?"

"आम्ही घेतलं," अण्णा म्हणाले.

"आम्ही? वा. महाराज झालात की काय?"

अण्णा हसले नाहीत. त्यांचं तिच्याकडे लक्षही नव्हतं. ते खिडकीजवळच्या कोपऱ्याकडे बघत होते, आणि घरातलं माणूस पाहुण्यांसमोर आगाऊ बोललं की आपण जसे ओशाळतो, तसे जरा ओशाळले होते. थोरलीनं रिकामा पेला उचलला आणि ती ओट्याकडे गेली. पेला विसळताना तिला उगाचच त्या कोपऱ्याचा राग आला.

२

अण्णांनी जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या. माणूस कमी बोलणारा, बढाई कधी मारली नाही. लिफ्ट बिघडली की आधी स्वतः आत बसायचे, दार लावून वरखाली करून बघायचे, आणि तोवर बाकीच्यांना बाहेर थांबवायचे, एवढीच त्यांची एक हेकट सवय. लोक चिडायचे, घाई आहे म्हणायचे. अण्णा दारात हात आडवा धरून उभे राहायचे. असल्या माणसाला उतारवयात ‘आम्ही’ म्हणून घेण्याची हौस कुठून आली, हे थोरलीला कळेना.

पण हौस वाढत गेली. ‘आम्ही झोपलो नाही.’ ‘आम्हाला उजेड नको.’ जेवणाचं ताट घेऊन ती खोलीत शिरायला गेली की अण्णा खुर्चीतून उठायचे, दाराशी यायचे आणि हात आडवा धरायचे.

"भरलंय," ते म्हणायचे. "तू बाहेर थांब."

"काय भरलंय? अण्णा, ही खोली आहे."

"आम्ही बसलोय ना आत."

आणि दार लावून घ्यायचे. मग दारामागून बारीक कुजबुज चालायची. शब्द कळायचे नाहीत, पण बोलण्याची लय कळायची: एक जण बोलतोय, मग थांबतोय, मग पुन्हा बोलणं. थोरली बाहेर ताट धरून उभी. वरण गार होतंय, सकाळपासून तिच्या पोटात अन्नाचा कण नाही, आणि आत बैठक रंगलेली.

भाषेच्या बाईला गप्प बसवेना. वर्गात तिनं वर्षानुवर्षं हेच शिकवलं होतं. ‘आम्ही सहलीला निघालो’ म्हटलं की ऐकणाऱ्यानं घरी बसायचं. ‘आपण सहलीला निघालो’ म्हटलं की ऐकणाऱ्यानंही डबा भरायचा. तर मग या घरात राबायचं तिनं, निस्तरायचं तिनं, आणि ‘आम्ही’त तिला जागा नाही?

"अण्णा, आम्ही नाही. आपण," ती दाराबाहेरून म्हणायची. "या घरात मीपण राहते. आपण म्हणा."

कुजबुज तेवढी थांबायची.

धाकटी बहीण दूरच्या शहरात. फोनवर तिचा सल्ला मात्र घरपोच मिळायचा. "ताई, तू त्यांच्याशी वाद घालत जाऊ नकोस गं. कलानं घे."

"कलानं घ्यायला तू ये ना. मी चार दिवस झोपते."

"येईन गं. इकडचं जरा आटोपू दे."

धाकटीचं इकडचं कधी आटोपत नसे. थोरलीला खरं तर सल्लाही नको होता आणि शाबासकीही नको होती. एक दिवस कुणीतरी येऊन ‘ऊठ, मी बसते’ म्हणावं, एवढंच हवं होतं.

मग एक दिवस ती अण्णांचा हात बाजूला सारून बळंच आत शिरायला गेली, आणि अण्णांनी तिला ढकललं. आयुष्यात कधी हात न उगारलेल्या माणसानं. तिचं कोपर चौकटीवर आपटलं आणि ताट पालथं झालं. अण्णांचा चेहरा रागावलेला नव्हता, घाबरलेला होता. पण फरशीवरचं वरण पुसताना ते लक्षात घ्यायला तिला सवड कुठे होती.

३

म्हाताऱ्या माणसांच्या विकारांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरीणबाई वयानं थोरलीच्या विद्यार्थिनी शोभल्या असत्या. त्यांनी अण्णांशी आधी शांतपणे गप्पा मारल्या. अण्णा प्रत्येक उत्तराला ‘आम्ही’ लावून मोजकंच बोलत होते. मग अण्णांना बाहेर मावशींजवळ बसवून त्यांनी थोरलीला विचारलं, "त्यांना जे कोणी दिसतं, त्याचा त्रास त्यांना होतो, की तुम्हाला?"

थोरलीचा पारा चढला. "मला. मला होतो. मी माणूस आहे ना?"

"मी दोष देत नाहीये. विचारावं लागतं." डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "भास होतात, पण माणूस शांत असेल, तर आम्ही औषध देतच नाही. ते ढकलतायत, तुम्हाला लागलंय, म्हणून थोडे दिवस देऊन बघू. ही गोळी मुळात वेगळ्या आजारासाठी आहे. या वयात ती जपून द्यावी लागते. झोप येते, अंग ताठरतं, तोल जातो, अर्धांगवायूचा धोकाही थोडा वाढतो. म्हणून अगदी कमी द्यायची, आणि परत येऊन मला दाखवायचं. बंद करायची तीही हळूहळू. मनानं नाही."

"आणि भास?"

"कमी होतील. जातीलच असं नाही."

थोरलीनं मान डोलावली. एवढं सगळं ऐकून तिच्या मनात राहिलं ते ‘कमी होतील’ एवढंच. मावशी परस्पर घरी गेल्या, आणि रिक्षात अण्णा तिच्याशेजारी अंग चोरून बसले होते, पलीकडची भरपूर जागा सोडून. "सरका ना तिकडे," ती म्हणाली. ते सरकले नाहीत.

४

गोळी इवलीशी, आणि द्यायची तिच्यातली अर्धी. सुरीनं कापायला जावं तर एक अर्धुक उडून कपाटाखाली जायचं आणि दुसऱ्याचा चुरा व्हायचा. थोरली तो चुरा मुरंब्यात कालवून भरवायची आणि स्वतःशीच पुटपुटायची.

पण गुण आला. अण्णा खुर्चीत बसून राहू लागले. दाराशी येणं थांबलं. खोलीत कुणीही जावं यावं, आडवा हात नाही. मावशी खूश. "आता कसं शहाण्यासारखं वागतात," त्या म्हणाल्या आणि त्या दिवसापासून आणखी लवकर जाऊ लागल्या.

अण्णांची हनुवटी छातीला टेकलेली असायची. तोंडाच्या कोपऱ्यातून लाळ यायची, ती थोरली पुसायची. आधी उचलून टाकायचे ते पाय आता फरफटू लागले. हाक मारली की डोळे उघडायला वेळ लागायचा. तिला वाईट वाटलं, पण खोटं कशाला बोला, सुटल्यासारखंही वाटलं. एका दुपारी तिनं चक्क पुस्तक उघडलं.

पुस्तकाचं पहिलं पान संपत आलं असेल. दारामागे कुजबुज सुरू झाली.

‘लागले परत,’ म्हणत ती चिडून उठली. दार उघडलं. अण्णा खुर्चीत होते, तोंड उघडं, डोळे मिटलेले, घोरत होते. गाढ झोपलेला माणूस कुजबुजत नाही, एवढं तिला कळत होतं. खोलीत आवाज नव्हता. फक्त आपण आत गेल्यावर बोलता बोलता माणसं गप्प व्हावीत, तसं तिला वाटलं. शिक्षकखोलीत हा अनुभव तिनं पुष्कळदा घेतला होता, त्यामुळे ओळखण्यात चूक झाली नाही.

शेजाऱ्यांचा टीव्ही असेल. नळात हवा अडकली असेल. थोरलीनं भिंतीला कान लावला. शेजारी घरात नव्हते, त्यांच्या दाराला कुलूप होतं, हे तिनं मुद्दाम बाहेर जाऊन पाहिलं. मग नळ पाहिला. मग ‘चार महिने धड झोप नाही, दुसरं काय होणार’ असं स्वतःला मोठ्यानं सांगितलं. परत येऊन तिनं पुस्तक मिटलं, कारण कुठल्या ओळीवर होतो तेच तिला सापडेना.

आता ती बाहेर बसली की कुजबुज चालायची आणि ती दारात आली की थांबायची. फरक एवढाच, की पूर्वी तिथे अण्णांचा आवाज आहे असं समजून तिला राग येत असे. आता राग कुणावर काढावा हा प्रश्न होता.

५

"ताई, आता तरी शांत आहेत ना?" धाकटीनं फोनवर विचारलं.

"हो. खांबासारखे."

"मग बरं झालं."

"बरं काय झालं? माझा बाप खांब झाला, हे बरं झालं?"

धाकटीनं घाईनं विषय बदलला. थोरलीला हेही आवडलं नाही. भांडायला तरी माणूस पुरं पडावं.

फोन ठेवून ती अण्णांना भरवायला गेली. तिनं खुर्ची समोर ओढली, चमचा पुढे केला आणि सवयीनं म्हणाली, "जेवायचं ना?"

अण्णांनी जड जीभ हलवली. "आम्ही..."

"आपण," ती म्हणाली. तोंडातून निघून गेलं. इतक्या वर्षांच्या सवयीपुढे कुणाचं चालतं. "आपण म्हणा, अण्णा."

पूर्वीचे अण्णा असते तर त्यांनी ओठ घट्ट मिटले असते. खोलीच्या दारात आडवा हात धरावा तसा या एका शब्दापुढे त्यांनी इतके दिवस हात आडवा धरला होता. पण त्या गोळीनं सगळा हेका धुऊन नेला होता. सांगितलं की तोंड उघडायचं, सांगितलं की गिळायचं, सांगितलं की म्हणायचं.

"आपण," अण्णा म्हणाले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. "आपण जेवू."

थोरलीनं चमचा त्यांच्या तोंडात दिला. जिंकल्याचं समाधान काही वाटलं नाही. उलट चमचा परत ताटात ठेवताना तिला जाणवलं, की आपली पाठ उघडी आहे. दाराकडे नव्हे, कोपऱ्याकडे. ती उठली आणि खुर्ची फिरवून पाठ भिंतीला लावून बसली. उरलेलं जेवण तिनं तसंच भरवलं. भरवताना एकदाही वर पाहिलं नाही.

६

खुर्चीतून पलंगावर नेणं हे सगळ्यांत कठीण काम. औषधानं अण्णांचं अंग लाकडासारखं झालं होतं. एकटीनं ते होत नसे. मावशी पाय धरायच्या, थोरली काखेत हात घालून वरचं अंग उचलायची, आणि ‘एक, दोन’ म्हणत दोघी त्यांना पलंगावर टाकायच्या.

त्या दुपारी मावशी दुकानातून जंतुनाशक आणायला खाली गेल्या होत्या. पाच मिनिटांत येते म्हणाल्या, म्हणजे किती ते त्यांनाच ठाऊक. अण्णा खुर्चीत एका बाजूला कलंडायला लागले. थोरलीनं धावत जाऊन मागून काखेत हात घातले, कशीबशी उचलायला गेली आणि मध्येच अडकली. खाली ठेवावं तर ते फरशीवर जाणार. वर उचलावं तर तिच्यात ताकद नाही. कंबरेत उसण भरली. तिनं डोळे गच्च मिटले आणि मनातल्या मनात मावशींना, धाकटीला, डॉक्टरीणबाईंना, सगळ्या जगाला शिव्या घातल्या.

आणि अण्णा हलके झाले.

पायाकडचं वजन कुणीतरी उचललं होतं. "आलात का एकदाच्या," ती डोळे न उघडताच म्हणाली. "नीट धरा. एक, दोन." दोघींनी मिळून अण्णांना पलंगावर ठेवलं. छान ठेवलं, मावशी एरवी आपटतात तसं नाही. थोरलीनं हुश्श केलं.

तेवढ्यात दाराची घंटा वाजली. बाहेरून मावशींचा आवाज आला, "बाई, दार उघडा हो. किल्ली आतच राहिली."

थोरलीनं डोळे उघडले. अण्णांचे पाय अजून गादीला टेकले नव्हते. दोन्ही टाचा गादीच्या वर, वीतभर उंच, एकमेकींना चिकटून होत्या. आणि घोट्याभोवतीची सैल कातडी आत दबली होती, बोटांखाली दबते तशी. मग अगदी सावकाश, काळजीनं, ते पाय खाली आले.

घंटा पुन्हा वाजली. थोरलीनं दार उघडायला जायला हवं होतं. ती जागची हलली नाही, कारण दाराकडे जायची वाट पलंगाच्या पायथ्यावरून होती.

७

गोळी बंद करायचं तिनं ठरवलं. मनानं नाही. डॉक्टरीणबाईंना भेटून, त्यांनी सांगितलं तसं, हळूहळू. "बरोबर केलंत," त्या म्हणाल्या. "ताठरपणा फारच आलाय. भास परत आले तर मात्र..."

"येऊ देत," थोरली म्हणाली. "मला आडवा हात धरणारे अण्णा परत हवेत."

डॉक्टरीणबाईंनी तिच्याकडे जरा काळजीनं पाहिलं आणि तिलाही झोप लागते का, म्हणून विचारलं.

अण्णा परतू लागले. आधी मान वर आली. मग हातात चमचा धरता येऊ लागला. पाय घासत का होईना, पण ते चालू लागले. थोरली त्यांच्याभोवती घुटमळायची आणि वाट बघायची. एका सकाळी खिडकीतून चांगलं ऊन आलं होतं. अण्णा पलंगाच्या कडेला बसून स्वतःच्या हातानं दूध पीत होते.

"अण्णा," ती म्हणाली. "दूध घेतलंत?"

"आपण घेतलं," अण्णा म्हणाले.

"नाही. आम्ही. आम्ही म्हणा ना." तिचा आवाज फाटला. "पूर्वीसारखं. मला नका धरू त्यात."

अण्णांनी पेला खाली ठेवला. कित्येक महिन्यांनी ते तिच्याकडे पाहत होते, कोपऱ्याकडे नाही. लहानपणी तिला ताप आला की पाहायचे, तसे.

"मी धरलं नव्हतं गं तुला," ते म्हणाले. "मी एकटाच बसलो होतो आत. किती दिवस दार धरून ठेवलं."

"मग आता धरा."

"आता तू आत आलीयेस, पोरी."

त्यांनी तिचा हात हातात घेतला आणि थोपटला. थोरली त्यांच्याजवळ बसून रडली. अण्णा जीव तोडून तिला सांगत होते, आणि ती दाराबाहेरून त्यांचं व्याकरण सुधारत बसली होती. याचा तिला इतका राग आला, की भीती वाटायलाही थोडा वेळ जावा लागला.

फोन वाजला. धाकटी होती. तिचा आवाज कधी नव्हे तो मोकळा होता.

"ताई, ऐक. मी रजा टाकली. महिनाभर येतेय. तू एकटीनं फार केलंस. आता अण्णांचं सगळं आपण..."

खोलीत इतका वेळ बारीक कुजबुज चालली होती, हे थोरलीच्या तेव्हा लक्षात आलं, कारण ती थांबली. पलंगाच्या पायथ्याशी, खिडकीपाशी, सगळीकडे एकदम थांबली. पुढचा शब्द नीट ऐकू यावा म्हणून थांबावी, तशी.

"आपण नाही," थोरली घाईनं म्हणाली. "आम्ही बघतो."

"म्हणजे?"

"तू येऊ नकोस. आमचं आम्ही बघू."

"आमचं? आणि मी कोण मग, ताई? परकी?" धाकटीचा आवाज कापला. "मी उशीर केला, मान्य आहे. पण असं तोडून बोलतेस? आणि आम्ही, आम्ही काय? घरात तुम्ही दोघंच आहात ना?"

थोरलीनं या बहिणीची इतके महिने वाट पाहिली होती. ‘ये’ हा शब्द अगदी जिभेवर आला होता. तिनं अण्णांकडे पाहिलं. अण्णांनी डोळे मिटून घेतले होते आणि तिचा हात घट्ट धरला होता. आता दार तिला धरायचं होतं.

"तू येऊ नकोस," ती पुन्हा म्हणाली, आणि पलीकडे धाकटी रडायला लागली तरी तिनं ते मागे घेतलं नाही.